बोटांकडे बघून सांग

आत्या, मी तुझ्या खुर्चीत बसते आणि उठते. पुन्हा बसते. तू ती इतकी खाली करून ठेवली आहेस की माझे गुडघे टेबलाला लागतात. वर घ्यायचा दांडा कुठे आहे ते मला ठाऊक आहे, पण हात तिकडे जात नाही.

बाहेर रस्ता फोडलाय. नव्या पाइपलाइनसाठी. सगळ्या बेगमपुऱ्याची धूळ तुझ्या टायपिंगच्या दुकानात येते आणि तुझ्या कीबोर्डवर बसते, मी पुसते, ती परत बसते. समोरची इमारत पाडून झाली. आता आपल्या दुकानाची, याच महिनाअखेरीला. जागामालकांनी तेराव्यालाच दादाला बाजूला घेऊन सांगितलं, आणि दादाने जेवणाची पानं उचलता उचलता मला सांगितलं, "मने, तेवढा कॉम्प्युटर पुसून दे. कुणीतरी घेऊन जाईल. तसाही तो आत्याशिवाय कुणाला चालवता येत नाही."

खरंय त्याचं. कुणालाच येत नाही. तुझ्या मशीनवर अरबी होती, थाई होती, मराठी तर होतीच, पण कळांवर अक्षरांची मांडणी बाजारात मिळते तशी एकाही भाषेची नव्हती. दुसऱ्या कुणी बोट ठेवलं की भलतंच अक्षर उमटायचं, आणि तू मागून म्हणायचीस, "हात लावू नको, चावतं ते."

ती मांडणी मशीनमध्ये भरली मी. त्या मे महिन्याची तुला आठवण असेल. माझी अकरावी संपली होती, सुट्टीत घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला "इंग्लिशमधून बोलून दाखव ना" म्हणत होता, आणि मी डबा पोचवायच्या निमित्ताने तुझ्या दुकानात येऊन लपत होते. तुझ्याकडे न बोलता बसता यायचं. ते तू मला दिलंस, आणि देतेयस असं कधी दाखवलंही नाहीस. विद्यापीठात बाहेरदेशची मुलं वाढली होती. येमेनची, थायलंडची. प्रबंध इंग्रजीत लिहायची, पण त्याचा सारांश त्यांच्या देशात पाठवायला त्यांच्याच भाषेत लागायचा. शहरात दुसरं कुणी तो टाईप करून देत नव्हतं. तू हो म्हणालीस. आधी हो म्हणायचं आणि मग शिकायचं, ही तुझी रीत.

पण बोटं ऐकेनात. तुझी बोटं मराठी टाइपरायटरवर तयार झालेली. अरबीच्या कीबोर्डवर ब एकीकडे, थाईच्या कीबोर्डवर ब दुसरीकडे. एक दिवस तू वैतागून उठलीस आणि म्हणालीस, "माझा ब जिथं आहे तिथंच राहील. अरबस्तानातला ब आला तर त्यानं तिथंच यावं. बोटाला काय ठाऊक देश कुठला?"

मग मी स्वतःची मांडणी तयार करता येते असं एक फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं. पडद्यावर रिकामा कीबोर्ड यायचा, एकेका कळीवर क्लिक करून तिच्यात अक्षर घालायचं. मला वाटलं, तू मला कागदावर काढून देशील. तू डोळे मिटलेस. टेबलावर दोन्ही हात ठेवलेस, "म" म्हणालीस, एक बोट आपटलंस आणि म्हणालीस, "बघ कुठं पडलं ते. डोळे उघडे ठेवून मला नाय सांगता येत."

असा आपण आख्खा कीबोर्ड भरला. तू डोळे मिटून, मी उघडे ठेवून. मधेच गल्लीतून कुणीतरी ओरडायचं, "पाणी आलं, पाणी आलं!" आणि तू अर्ध्या अक्षरावरून उठून घरी पळायचीस. त्या वर्षी धरण आटलं होतं, नळ आठवड्याने यायचा, कधी तोही चुकायचा, आणि बायपासकडे मात्र दर महिन्याला नव्या इमारती उभ्या राहत होत्या. "ही माणसं अंघोळ कशानं करणार?" असं तू प्रत्येक नव्या इमारतीकडे बघून विचारायचीस. तू पळालीस की मी अर्ध्या भरलेल्या कीबोर्डपुढे बसून राहायचे. तुझं बोट कुठे पडणार होतं, त्याचा अंदाज करत.

पहिलं अरबी पान आठवतं? सालेमचं. तो तेव्हा नुकताच येमेनहून आला होता, तुला "आंटी" म्हणाला आणि तू त्याला दारातच थांबवलंस. "आंटी नाय. आत्या म्हण, नायतर दुसरं दुकान बघ." दुसरं दुकान नव्हतंच. त्याचं पान तू एका बैठकीत टाईप केलंस आणि छापून त्याच्या हातात दिलंस. त्याने ते उलटसुलट करून बघितलं. अरबी उजवीकडून लिहितात आणि अक्षरं एकमेकांना जोडून येतात. आपण मशीनला ते सांगितलंच नव्हतं. सगळी अक्षरं सुटी, आणि डावीकडून.

"आत्या," तो फार जपून म्हणाला, "हर्फ सब सही हैं. बस, एक-दूसरे का हाथ छोड़ दिया है."

"मग धरायला लाव की हात! बस इथं, सांग कसं."

तो तेव्हा बसला तो आजतागायत येतोच आहे. तुला अरबी वाचता येत नव्हती, म्हणून तो वाचून दाखवायचा आणि तू आवाजावरून टाईप करायचीस. तो भरधाव सुटायचा. मग तू हात वर उचलायचीस, आणि हात वर गेले की सगळ्यांनी गप्प व्हायचं हे ठरलेलं होतं. "माझ्या तोंडाकडं काय बघतोस? बोटांकडं बघून सांग. बोट थांबलं की थांबायचं. सांगणाऱ्यानं बोटांच्या पुढं पळायचं नाय."

त्याला तू सांगायचीस ते सगळ्यांनाच लागू होतं, कारण तुझी बोटं कधी थांबतच नसत. कीबोर्ड समोर नसला तरी. रिक्षात बसलीस की रिक्षावाल्याचं बोलणं पर्सवर, लग्नात भटजींची मंगलाष्टकं मांडीवर. मी लहानपणी तुझ्या कुशीत झोपायचे तेव्हा टीव्हीवरच्या बातम्या माझ्या पाठीवर. आई म्हणायची, "वन्सं, निदान जेवताना तरी हात स्थिर ठेवा." तू मान डोलवायचीस आणि डाव्या हाताने ताटाच्या कडेवर आईचंच वाक्य लिहून काढायचीस. मला ते दिसायचं. मी कुणाला सांगितलं नाही. तेवढं एक आपल्या दोघींतलं असावं असं वाटायचं.

आपलं भांडण मात्र राहूनच गेलं.

ते आठवलं की मला बसवत नाही. मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा लॅपटॉप घेऊन तुझ्याकडे आले, आणि तुला दाखवलं की आता काही शिकावं लागत नाही. इंग्रजी अक्षरांत जसं ऐकू येतं तसं टाकायचं, मशीन त्याचं मराठी करतं, अरबी करतं, हवं ते करतं. मी "आत्या" टाकून दाखवलं. खाली पाच पर्याय आले, मी त्यातला एक उचलला.

तू चष्मा वर केलास. "म्हणजे मराठीत लिहायला आधी इंग्रजीत जाऊन यायचं?"

"सगळं जग असंच लिहितं आता."

"लिहू दे. तू अर्धा शब्द टाकला, त्यानं पाच काढून दाखवले, तू त्यातला एक उचलला. तू लिहिलं का भाजी निवडली?"

मी चिडले. तुझ्यावर मी कधी चिडत नसे, म्हणून आवाज कसा ठेवायचा तेही मला कळेना. मी म्हटलं, आता तर नुसतं बोललं तरी लिहून येतं, टायपिंगच लागत नाही. तू हसलीस.

"मग तू बोलतेस का? लई बोलकी ना तू! अगं, बोलायचं नसतं म्हणून तर माणूस टाईप करतो."

ते लागलं. लागलं म्हणून मी म्हणाले, "तुझी मांडणी तुझ्याशिवाय एका माणसाला येत नाही. उद्या तू..."

"बोल की. उद्या मी काय?"

तेवढ्यात सालेम आला, कागद हलवत. तू कीबोर्ड पुढे ओढलास. आणि "उद्या मी काय" तिथेच, त्या टेबलावर राहिलं. नंतर मी कितीदा आले, आपण चहा प्यायलो, पाण्याबद्दल बोललो, टँकरबद्दल बोललो. ते वाक्य ना तू उचललंस, ना मी. तुला मी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवायचे आणि तू न चुकता देवनागरीत उत्तर द्यायचीस. तेवढंच काय ते भांडण चालू होतं.

आणि मग दवाखाना.

तुझ्या घशात श्वासाची नळी होती. डोळे मिटलेले. भेटायच्या वेळात मी आणि दादा आत आलो, तेव्हा दोन्ही हात चादरीवर होते आणि बोटं हलत होती. दादाने मोबाइल काढला आणि तो छोटासा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. "आत्या काहीतरी सांगतेय."

त्यानंतर जे झालं त्यावर तू पोट धरून हसली असतीस. आईने लिहिलं, जप चाललाय. पुण्याच्या काकांनी लिहिलं, कपाटाची चावी मागतेय, बघा कुठे ठेवलीय. दादा म्हणाला, दुकानाचंच काहीतरी असणार, जागेचं. मग सगळ्यांना एकदम सुचलं. "मनूला विचारा ना. मनूला येतं आत्याचं टायपिंग."

मला येत नव्हतं. मांडणी माझ्या हातून मशीनमध्ये गेली होती, माझ्या बोटांत नव्हती गेली. मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

तेव्हापासून मी तो व्हिडिओ बघते आहे. ऑफिसला जाताना, बसमध्ये, जेवताना ताटाच्या बाजूला ठेवून. आवाज बंद करून. माझा आवाज मला ऐकवत नाही, तुला माहीत आहे. शाळेच्या गॅदरिंगची सीडीसुद्धा मी अशीच बघायचे. दादाला वाटतं मी सामान आवरायला इथं येते. मी येते आणि तुझ्या कीबोर्डवर हात ठेवते, मोबाइल पडद्याला टेकवते, आणि तुझं एक बोट हललं की माझं तेच बोट हलवते.

सोपं नव्हतं. एका बोटाकडे बरीच अक्षरं असतात. तुझा हात जेमतेम सरकत होता. वरच्या ओळीत गेला की जागीच होता ते कळत नव्हतं. म्हणून मी आधी मांडणीच शिकले. तू नव्या मुलींना साधं टायपिंग शिकवायचीस तशी, एकेक बोट, एकेक ओळ, कळांवर रुमाल टाकून. पहिल्यांदा एक वाक्य न बघता उमटलं तेव्हा मी मागे वळून बघितलं. तू "हं" म्हणशील म्हणून.

काल पहिला शब्द लागला.

पाणी.

मी पुन्हा बघितलं. पुन्हा लावला. दुसरं काही बसेना तिथे. पाणी. नर्सने बजावलं होतं, थेंबसुद्धा द्यायचा नाही. आम्ही ओला कापूस तेवढा तुझ्या ओठांवर फिरवला होता. तू पाणी मागत होतीस, घरचे ग्रुपवर चावी आणि जप आणि जागा लिहीत बसले होते, आणि जिला कळायला हवं होतं ती मी, पलंगाला लागून उभी होते.

मला दुकानात थांबवेना. उन्हात मकई गेटपर्यंत चालत गेले, पुलावर उभी राहिले. खाली खाम नदी म्हणायची ती नुसती काळी रेघ. परत आले. आईचा फोन आला, "काय गं, आवरलं का?" मी हो म्हटलं. रात्रभर तो एकच शब्द. आपल्या घरात पाण्यावरून आयुष्य गेलं तुझं. हंडे, टाक्या, टँकरवाल्याशी भांडणं. आणि शेवटी तेच मागून, न मिळता.

आज दुपारी सालेम आला. त्याचा शेवटचा सारांश तुझ्या मशीनमध्ये अर्धा आहे. तो मागायला आला होता, पण मागू शकला नाही. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "घर में माँ को बताया फोन पर. वो रोई. उसने आत्या को देखा भी नहीं."

मला त्याला सांगावंसं वाटलं. का ते माहीत नाही. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी मोबाइल पुढे केला, बोटांवर बोट ठेवून दाखवलं आणि म्हटलं, "पाणी मांग रही थी."

त्याने मोबाइल जवळ घेतला. "इसका आवाज कहाँ है?" असं म्हणून मी थांबवायच्या आत त्याने आवाज मोठा केला.

माझा आवाज दुकानभर झाला. घाईघाईने, एका दमात, मान खिडकीकडे वळवून मी तुला सांगत होते: पाणी आलं होतं आत्या, दोन्ही टाक्या भरून घेतल्या, गढूळ आहे पण तुरटी फिरवली, तू काळजी करू नको.

सालेमने व्हिडिओ मागे घेतला. पुन्हा लावला. त्याची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती, तुझ्या हातांकडे होती. इतकी वर्षं त्याला तू तेच शिकवलंस.

"बहन," तो म्हणाला, "आप बहुत फास्ट बोल रही हो. आत्या पीछे रह गईं."

मी त्याच्या हातून मोबाइल घेतला आणि आवाजासकट बघितला, आत्या. मग एकेक अक्षर आपोआप जागेवर पडत गेलं. पाणी. आलं. होतं. दोन्ही. टाक्या. माझ्यामागून, धापा टाकत, एकही शब्द न गाळता. मी तुरटीपर्यंत पोचले होते तेव्हा तू टाक्यांवर होतीस. मग तुझे दोन्ही हात चादरीवरून जरासे वर उठले. इतके जरासे, की मी इतक्यांदा बघूनही मला ते दिसलं नव्हतं. मला थांबवत होतीस. मी थांबले नाही. मग दादाचा आवाज येतो, "आत्या, काय पाहिजे? काय पाहिजे सांग!" आणि व्हिडिओ संपता संपता तुझं बोट त्याच्याही वाक्याला लागतं. आत्या. काय. पा...

मी हसले. सालेम घाबरला, मग तोही हसला. मग मला रडू आलं, आणि तो उठून दारात पाठमोरा उभा राहिला.

त्याचा सारांश मी पुरा करून देणार आहे. मराठी शिकले की अरबीही आलीच, तू करून ठेवलंसच तसं. तो उद्यापासून वाचून दाखवेल. मी त्याला सांगितलंय की माझे हात तुझ्यासारखे पळणार नाहीत. तो म्हणाला, मुझे रुकना आता है.

संध्याकाळी दादाला फोन केला. मशीन पुसणार नाही, घरी घेऊन येतेय, माझ्या खोलीत राहील. तो जरा कुरकुरला. मग त्याने विचारलं, "त्या व्हिडिओतलं लागलं का तुला काही? काय म्हणत होती आत्या?"

"काही नाही म्हणाली," मी म्हटलं. "ऐकत होती."

त्याला वाटलं मी काही लपवतेय.

मला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, घोटभर. तू तहानेली नव्हतीस. निदान ते मागत नव्हतीस. पण मग दुसरंच काहीतरी टोचायला लागलं आणि मी पुन्हा या खुर्चीतून उठले. तू माझं बोलणं उतरवून घेत होतीस. सगळी शक्ती गोळा करून, डोळे मिटून, माझा शब्द न् शब्द. आणि मी तुला काय दिलं उतरवायला? टाक्या. तुरटी. जे मी एरवी कुठल्याही शेजारणीला सांगितलं असतं.

मला सांगायचं होतं की त्या मे महिन्यात तू मला लपू दिलंस म्हणून मी वाढले. की तू कुणासमोर मला बोलून दाखव म्हणाली नाहीस. की "भाजी निवडली का" म्हणालीस त्याचा मला अजून राग आहे, आणि आजही मी म्हणेन की ज्याला तुझ्यासारखी तीस-चाळीस वर्षं नाहीत त्याने आपला शब्द मशीनकडून निवडून घेतला तर काही बिघडत नाही. भांड माझ्याशी. उद्या तू नसलीस तर ही मांडणी कुणाला येणार, असं मला विचारायचं होतं. तोंडातून फक्त "उद्या तू" निघालं आणि ते तुला शापासारखं ऐकू आलं असेल. तसं नव्हतं ते. मला शिकव, असं होतं.

हे सगळं मी तुझ्या कीबोर्डवर लिहिते आहे, कळांवर रुमाल टाकून. खाली पर्याय येत नाहीत. एकेक अक्षर शोधावं लागतं, आणि शोधेपर्यंत मनातलं पुढचं वाक्य थांबून राहतं. मी कधी इतकं सावकाश बोलले नव्हते. इतकं बोललेच नव्हते.

खुर्ची आहे तेवढीच खाली ठेवली आहे. टेबलाच्या त्या बाजूला, जिथे तू डोळे मिटून हात ठेवायचीस, तिथली धूळ पुसली आहे. ठेव हात. यावेळी मी खिडकीकडे बघत नाही. तुझं बोट थांबलं की थांबेन.